पोलो, व्हेंटो, रॅपिड : कुलंट कमी होतंय, पण गळती सापडत नाही

लक्षणं

कुलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. त्याच्या टाकीतली पातळी दर काही आठवड्यांनी 'मिन'च्या (किमान पातळीच्या रेघेच्या) खाली जाते. भरली की गाडी ठणठणीत, आणि मग पुन्हा तेच. जमिनीवर एक थेंब नाही. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, "कुठे काही दिसत नाही साहेब" म्हणतो, अर्धा लिटर ओततो आणि गाडी परत देतो. हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला यातलंही काही असू शकतं :

– डॅशबोर्डवर थर्मामीटरचं लाल चिन्ह लुकलुकतं आणि बीप होतो. बरेचदा सकाळी गाडी सुरू करताना, नाहीतर घाटात.
– गाडी बंद करून उतरलं की बॉनेटजवळ गोडसर, पाकासारखा वास येतो.
– सिग्नलला उभं राहिलं की एसी कोमट हवा फेकतो, गाडी पळायला लागली की पुन्हा गार.
– डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलसर लागतं, समोरची काच आतून तेलकट धुरकटते.
– सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद थरथरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि तो लवकर विरत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर खालची स्वस्तातली सगळी यादी घरी करत बसू नका. तो भाग खाली वेगळा दिला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. "जर्मन गाड्या थोडं कुलंट पितातच" असं सर्रास सांगितलं जातं. कुठलंच धडधाकट इंजिन कुलंट पीत नाही. ते बंद चक्रात फिरतं : इंजिनातून रेडिएटरात, रेडिएटरातून परत इंजिनात. वर्षभरात पातळी बोटाच्या पेराएवढी उतरली तर मी दुर्लक्ष करतो. वर्षात दोनदा ओतावं लागलं तर ते कुठून तरी बाहेर जातंय, नाहीतर इंजिनाच्या आत जातंय. तिसरी शक्यता नाही.

मग खाली डबकं का दिसत नाही? कारण ही गळती बहुतेक वेळा केसाएवढी असते आणि इंजिन तापून चक्रात दाब आला की मगच होते. बाहेर आलेला थेंब गरम धातूवर पडतो, त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे फक्त गुलाबी-पांढरा थर उरतो. जे काही खाली पोचतं ते इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अडकतं. म्हणून डबकं शोधू नका, डाग शोधा.

हे सगळं आत्ताच इतक्या गाड्यांत का दिसतंय, तेही सांगतो. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१० पासून पोलो आणि व्हेंटो, २०११ पासून स्कोडा रॅपिड, आणि पोलो थांबली २०२२ मध्ये. म्हणजे रस्त्यावरच्या बऱ्याचशा गाड्या आता अशा वयात आहेत, जिथे बॉनेटखालचं प्लास्टिक कडक होऊन ठिसूळ व्हायला लागतं. आणि या गाड्यांच्या कुलंट चक्रात प्लास्टिक भरपूर आहे : थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बसणारे जोड, टी (तीन तोंडांचा जोड), टाकी, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या. इंजिनाचा लोखंड-ॲल्युमिनियमचा भाग त्या मानाने क्वचित दगा देतो. गॅरेजमधली बोलणी मात्र हेड गॅस्केटपासून (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलपासून) सुरू होतात.

सुरू करण्याआधी

गरम इंजिनावर टाकीचं झाकण उघडायचं नाही. पाणी-कुलंट समसमान मिसळलेलं द्रव उघड्यावर १०७-१०८ अंशांच्या आसपास उकळतं. चक्रातल्या दाबाखाली तेच १२५ च्या पुढेही द्रव राहतं. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून चेहऱ्यावर येतं. भाजण्याच्या ज्या गोष्टी ऐकता त्यातल्या बहुतेक इथल्याच. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तपासायची, हे सगळ्यात सोयीचं.

दुसरं, ज्या गाडीत तापमानाचा काटा आहे तिथे त्या काट्यावर फार विसंबू नका. फोक्सवॅगनचा काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. खरं तापमान साधारण ७५ ते १०५ च्या मध्ये कुठेही असो, काटा ९० वर खिळलेला दिसतो. ड्रायव्हरला उगाच धास्ती नको म्हणून केलेली ही सोय. त्यामुळे काटा ९० सोडून वर निघाला तर प्रकरण आधीच हाताबाहेर जायला लागलेलं असतं. खरा आकडा बघायचा तर ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, स्टिअरिंगच्या खाली लावा आणि मोबाइलवर कुलंट टेम्परेचर बघा. हजार रुपयांच्या आतबाहेरची वस्तू, पण या कामात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

तिसरं, कुलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. सांडलं तर लगेच पाण्याने धुवून काढा.

१. पातळी नीट मोजा (फुकट)

सपाट जागा, गार इंजिन, टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी. इतकं साधं, पण इथेच बरेच जण चुकतात. गरम असताना द्रव फुगतं आणि पातळी वर दिसते. कोणी गार इंजिनावर टाकी गळ्यापर्यंत भरतो, गरम झाल्यावर जास्तीचं झाकणातून बाहेर फेकलं जातं आणि दुसऱ्या दिवशी "परत कमी झालं". ही गळतीच नव्हे.

पातळी मध्यावर आणून टाकीवर मार्कर पेनने बारीक रेघ मारा, तारीख आणि किलोमीटरसह मोबाइलवर फोटो काढा. आठवड्याने त्याच वेळी, त्याच जागी परत फोटो. पुढचे सगळे निर्णय या वेगावर ठरतात. दोन हजार किलोमीटरला बोटभर उतरत असेल तर निवांत शोधायला वेळ आहे. पुणे-कोल्हापूर एका फेरीत रेघेवरून 'मिन'ला आली तर गाडी शहराबाहेर काढू नका.

या मोजणीत आणखी एक गोष्ट कळते. लांबच्या प्रवासात पातळी जास्त उतरते की गाडी नुसती उभी असताना? पळताना उतरत असेल तर दाबाखालची गळती. आठवडाभर उभी राहून उतरली तर एखादा जोड गार झाल्यावर आकसून सुटतोय. अशा वेळी थंडीतल्या सकाळी जमिनीवर थेंबही सापडतो.

२. दिवा खोटं बोलतोय का (फुकट)

टाकीच्या आत तळाशी धातूच्या दोन कांड्या असतात. दोन्ही कुलंटमध्ये बुडालेल्या असल्या की त्यातून बारीकसा प्रवाह जातो आणि गाडीला कळतं की पातळी ठीक आहे. कांड्यांवर कीट चढला, किंवा कोणी टाकीत निव्वळ डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवलं (त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही), तर टाकी भरलेली असूनही लाल दिवा लुकलुकतो.

म्हणून पातळी बरोबर असेल आणि तरी दिवा येत असेल तर टॉर्च लावून टाकीत बघा. कांड्या काळ्या-हिरव्या दिसल्या, टाकीचा तळ गढूळ असला, तर टाकी काढून स्वच्छ धुवायची आणि योग्य कुलंट भरायचं. टाकीला खाली लागणारा प्लगही काढून बघा, त्याच्या पिना हिरव्या पडतात. धुऊनही दिवा थांबला नाही तर टाकीच बदलायची, ती या यादीतल्या स्वस्त वस्तूंपैकी आहे.

उलट, पातळी खरंच कमी असेल तर दिवा बरोबर सांगतोय. प्लग काढून दिवा गप्प करणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीला दिवा लागणार तो थेट इंजिन तापल्यावर.

३. निळं झाकण (काही शे रुपये)

प्रेशर कुकरची शिटी आणि रबर जे काम करतात तेच टाकीच्या निळ्या झाकणाचं : ठरलेल्या दाबापर्यंत धरून ठेवायचं, त्यापुढचं सोडायचं, आणि गार होताना बाहेरची हवा आत घ्यायची. आतलं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मंदावली की दाब टिकत नाही. दाब नाही म्हणजे द्रव लवकर उकळतं आणि वाफ होऊन झाकणातूनच निघून जातं. खाली थेंब कसा दिसणार?

झाकण काढून उलटं करा. रबर रिंगवर चीर, चपटेपणा, आतल्या आट्यांवर गुलाबी खडा. टाकीच्या गळ्याभोवती, बाहेरून खाली ओघळलेला पांढरट माग. यातलं काहीही दिसलं तर झाकण बदला. न दिसलं तरी, गाडी सहा-सात वर्षांची असेल आणि मूळ झाकणच असेल, तर पुढे जाण्याआधी मी ते बदलूनच टाकतो. इतक्या कमी पैशांत एक संशयित कायमचा बाद होतो. मात्र अस्सल घ्या. हुबेहूब दिसणाऱ्या नकली झाकणाचा दाब कुठे सुटेल याचा भरवसा नसतो. उशिरा सुटला तर जुन्या प्लास्टिकची टाकी तडकते.

झाकण बदललं, रेघ मारली, पातळी थांबली, तर इथेच थांबा.

४. टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा (फुकट, पण गुडघे दुखतात)

आता डाग शोधायचे. वाळलेलं कुलंट ओळखायला सोपं : गुलाबी, जांभळट किंवा पांढरट पापुद्रा, बोटाने घासला तर मिठासारखा चुरा होतो. ओलं असेल तर बोटांना बुळबुळीत लागतं, नुसत्या पाण्यासारखं नाही.

वरून खाली या. टाकीखालचा जोड, मग टाकीतून निघणारा बारीक पाइप (हा उन्हातान्हात तडकतो आणि कोणी बघत नाही), मग रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी). या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी होजला स्क्रूची क्लिप नसते. प्लास्टिकच्या जोडात रबर रिंग असते आणि वरून तारेची क्लिप खटकन बसते. कोणी आधी काम करताना ही क्लिप अर्धवट बसवली असेल तर जोड वरून बसलेला दिसतो, पण तापल्यावर घाम फुटल्यासारखा पाझरतो. क्लिप दाबून बघा, पूर्ण खाचेत आहे का. रबर रिंग काही रुपयांची असते, आणि पुष्कळदा संपूर्ण तक्रार तेवढ्यावर मिटते.

होज गार असताना दाबून बघा. मऊ, लवचिक हवा. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा टोकाशी फुगीर, तेलकट, लिबलिबीत लागला तर बदला. आणि उंदीर विसरू नका. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की उंदीर बॉनेटखाली बस्तान बसवतात. वायर कुरतडली की लगेच कळतं, होजला दात लागले तर महिन्यांनी कळतं.

रेडिएटरचा खालचा भाग बंपरच्या जाळीतून बघा. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्यामुळे समोरून रेडिएटर दिसतच नाही. कडेने, टॉर्च तिरपी धरून, प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जुळतात ती रेघ बघायची. दगड जाळीला लागतो, पण गळती बहुधा त्या रेघेवर सापडते.

यानंतरची जागा सगळ्यात महत्त्वाची. २०१८ पासूनच्या १.० एमपीआय (साधं पेट्रोल) आणि २०२० पासूनच्या १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट मिळून एकच प्लास्टिकचं घर असतं, आणि ते नेहमीच्या जागी, म्हणजे पट्ट्यांच्या बाजूला नसतं. ते गिअरबॉक्सच्या बाजूला, हेडच्या टोकाशी असतं. सरळ उभं राहून दिसत नाही. मोबाइलचा व्हिडिओ सुरू करा, फ्लॅश लावा आणि हात आत घालून कॅमेरा त्या बाजूने फिरवा. मग पडद्यावर बघा : घराच्या खालच्या कडेपासून गिअरबॉक्सच्या अंगावर उतरलेला गुलाबी ओघळ, त्याच्यावर धूळ चिकटून झालेली जाडसर खपली. हे दिसलं की शोध संपला. "कुठे काही दिसत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही बाजू बघितलेलीच नसते.

जुन्या १.२ आणि १.६ पेट्रोलमध्ये थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर आणि हेडला लागणारा जोड बघा. डिझेलमध्ये वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असतो, तो थेट दिसत नाही; कव्हरच्या खालच्या टोकाशी ओल किंवा पापुद्रा दिसतो का ते बघायचं.

५. फॅन (फुकट तपासणी)

एसी फक्त ट्रॅफिकमध्ये कोमट होतो अशांसाठी. इंजिन सुरू, एसी सुरू, बॉनेट वर. थोड्याच वेळात रेडिएटरचा फॅन हळू गतीने फिरायला हवा. या गाड्यांत फॅनला कमी आणि जास्त अशा गती असतात आणि कमी गतीचा रेझिस्टर जळणं हे नित्याचं दुखणं आहे. मग फॅन गप्प बसतो आणि तापमान खूप वर गेल्यावर एकदम विमानासारखा धडधडतो. मधल्या काळात दाब वाढून झाकणातून वाफ जाते. पातळी कमी होते, गळती नसते, आणि लोक होज बदलत बसतात.

स्कॅनर लावून उभ्या गाडीत आकडा बघा. १०० ओलांडूनही फॅन हलत नसेल तर आधी फ्यूज, मग रेझिस्टर, मग मोटर. फ्यूज स्वतः बघा, पुढचं वायरमनकडे. आणि फॅनजवळ हात घालू नका. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

६. पायाखालचं कार्पेट (फुकट)

ओल दिसली म्हणजे हीटरचा कोर (कुलंटच्या उष्णतेने केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) फुटला असं नाही. पावसाळ्यात आणि दमट उन्हाळ्यात एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबते आणि तेच पाणी आत येतं. पांढरा टिश्यू पेपर कार्पेटवर दाबा. रंगहीन, वास नाही, बोटांना स्वच्छ : एसीचं पाणी, नळी साफ करून घ्या. टिश्यू गुलाबट, चिकट, गोड वासाचा : हीटर कोर किंवा त्याचा जोड. कोर डॅशबोर्डच्या आत असतो. हे काम घरी करायचं नाही, आणि शक्य तितकं लांबवायचंही नाही, कारण कार्पेटखाली वायरिंग असतं.

७. प्रेशर टेस्ट (गॅरेजमध्ये, पण स्वस्त)

इथपर्यंत काही सापडलं नाही तर गार गाडी घेऊन गॅरेजमध्ये जा आणि नेमकी हीच गोष्ट मागा : "कुलंटची प्रेशर टेस्ट करा." झाकणाच्या जागी हातपंप लावतात, दीड बारपर्यंत दाब देतात आणि काटा बघत पंधरा-वीस मिनिटं थांबतात. इंजिन गार असल्यामुळे बाहेर आलेला थेंब उडून जात नाही, जिथे आहे तिथे दिसतो. खालचा ट्रे काढून, गाडी लिफ्टवर घेऊन बघायला सांगा. फोक्सवॅगनच्या आट्यांचं जोडणं लागतं. ते नसेल तर दुसरं गॅरेज बघा.

ही पायरी गाळू नका. एका परिचितांच्या डिझेल व्हेंटोचं कुलंट उतरत होतं. गॅरेजमध्ये निदान तयारच होतं.

"काका, हेड उतरवावं लागेल."

"कशावरून?"

"बाहेर लीक नाही ना. मग आतच."

दुसरीकडे प्रेशर टेस्ट केली. काटा घसरायला लागला आणि दोनच मिनिटांत इंजिनामागच्या प्लास्टिकच्या टीमधून थेंब लोंबकळला. टी बदलली, कुलंट भरलं, गाडी घरी. "बाहेर दिसत नाही म्हणजे आत" हा तर्क दाब देऊन बघेपर्यंत मान्य करायचाच नाही.

काटा घसरला पण बाहेर कुठेच थेंब नाही, तर मात्र तो तर्क खरा ठरतो.

८. पंप आणि थर्मोस्टॅटचं घर (इथून पुढे व्यावसायिकाचं काम)

नव्या पेट्रोल इंजिनांतला पंप एका छोट्या, स्वतंत्र दातेरी पट्ट्यावर चालतो. पट्टा कॅमशाफ्टवरून येतो. त्याचा ताण ठरलेल्या पद्धतीने, टॉर्क रेंच लावून द्यावा लागतो. अंदाजाने आवळला तर पंपाचं बेअरिंग जातं, सैल राहिला तर दाते उडतात. यूट्यूब बघून हे करू नका. गॅरेजला एवढंच विचारा की पंपासोबत तो छोटा पट्टा आणि सील नवीन घालणार ना. कुलंटने भिजलेला जुना पट्टा परत बसवणं म्हणजे पुढच्या ब्रेकडाउनची तारीख घेणं.

डिझेलमध्ये पंप बदलायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. म्हणून बेल्टची वेळ जवळ आली असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदम करा. मजुरी एकदाच लागते. आणि बेल्ट बदलताना जुना पंप "चांगला आहे" म्हणून ठेवू देऊ नका.

थर्मोस्टॅटच काढून टाकायचा सल्लाही मिळेल. "आपल्याकडे गरमी आहे, लागत नाही." नम्रपणे नकार द्या. इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल जास्त ओतलं जातं, तेलात ओल साठते. १.० टीएसआयमध्ये तर हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या तापमानाला ठेवण्यासाठी दोन थर्मोस्टॅट असतात. त्यातला एक काढला की सगळं गणितच कोलमडतं.

९. आतली गळती : हेडकडे जाण्याआधी

डिझेलमध्ये ईजीआर कूलर. जळलेला गरम वायू कुलंटने गार करणारा हा भाग आतून फुटला की कुलंट इंजिनात ओढलं जातं आणि धूर होऊन निघून जातं. बाहेर शून्य खूण. हेड उतरवण्याआधी हा सोडवून तपासायला सांगा.

१.० टीएसआयमध्ये टर्बोतून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर इनटेकमध्येच बसवलेला आणि कुलंटने चालणारा आहे. तो फुटला तरी कुलंट थेट सिलिंडरमध्ये जातं.

ऑइल कूलर फुटला तर टाकीत तेलाचा तवंग किंवा दुधाळ चहासारखं काहीतरी दिसतं. हे दिसलं तर गाडी सुरूच करू नका.

आता हेड गॅस्केट. घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज सकाळी, स्टार्ट करण्याआधी, दाबा. मऊ हवा. मग स्टार्ट करा आणि मिनिट-दोन मिनिटांनी परत दाबा. इंजिन अजून कोमटही नाही आणि होज दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू कुलंटमध्ये शिरतोय. गॅरेजमध्ये याची खात्री करायला निळ्या द्रवाची टेस्ट असते : टाकीच्या तोंडावर नळी ठेवतात, आतला वायू द्रवातून जातो, ज्वलनवायू असेल तर निळं पिवळसर होतं. ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्याशिवाय हेड उतरवायला होकार देऊ नका.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली म्हणून घाबरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये, रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, ती नुसती हवेतली ओल असते. डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) तेल दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

कधी थांबायचं आणि फोन करायचा

लाल दिवा चालत्या गाडीत लागला, किंवा स्कॅनरवर आकडा ११० च्या पुढे निघाला : एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात (कार्यक्षम असा छोटा जादा रेडिएटर आहे तो), सुरक्षित जागा मिळाली की कडेला, इंजिन बंद. बोर घाटात किंवा खंबाटकीत लेनमध्येच थांबू नका, वळणापलीकडे जागा बघा. किमान पाऊण तास झाकणाला हात नाही. गार झाल्यावर हळूहळू भरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. भरल्या भरल्या खालून वाहायला लागलं, किंवा भरूनही दहा मिनिटांत आकडा परत चढला, तर टो करा. "जवळच आहे, नेतो हळूहळू" यात वाचलेले टोइंगचे पैसे हेड फेस करण्यात (वाकलेलं हेड घासून सपाट करण्यात) दुप्पट-चौपट जातात.

पांढरा धूर आणि थरथर, टाकीत तेल, डिपस्टिकवर दूध, स्टार्टनंतर लगेच कडक होणारा होज : गाडी जागेवरच ठेवा, क्रेन बोलवा.

काय भरायचं

रंगावर जाऊ नका, बाजारात कुठलाही रंग कुठल्याही डब्यात मिळतो. डब्यावर फोक्सवॅगनचा टीएल ७७४ हा क्रमांक बघा. जी१२ प्लस प्लस म्हणजे ७७४-जी, जी१३ म्हणजे ७७४-जे, जी१२ इव्हो म्हणजे ७७४-एल. हे तिन्ही एकमेकांत चालतात. साधं हिरवं त्यात मिसळलं की गंजरोधक घटक निकामी होतात आणि तपकिरी गाळ बनतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर वापरायला तयार लिहिलं असेल तर त्यात काही घालायचं नाही.

रस्त्यात काहीच नसेल तर बाटलीबंद पाणी चालेल. ढाब्यावरचं बोअरचं पाणी अगदीच नाइलाज असेल तरच, कारण त्यातला क्षार हीटर कोरमध्ये जाऊन बसतो. आणि पाणी घातलंत तर घरी आल्यावर पूर्ण काढून कुलंट भरून घ्या.

हळद. होय, अजून लोक घालतात. ॲम्बेसेडरच्या रुंद नळ्यांच्या पितळी रेडिएटरला ती चालून जात असे. इथल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि हीटर कोर ती गाळासारखी बुजवते. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरीलाही हेच लागू. गावाबाहेर रात्री अडकला असाल तर बघा काय ते, एरवी नको.

दुरुस्तीनंतर हवा काढणं गरजेचं आहे. आत हवेचा बुडबुडा राहिला की पातळी एक-दोन दिवसांनी आपोआप खाली येते आणि "दुरुस्ती फुकट गेली" असं वाटतं. चांगलं गॅरेज व्हॅक्यूमने भरतं. टीएसआयमध्ये इंटरकूलरचा वेगळा विजेवरचा पंप स्कॅनरने चालवून हवा काढतात. तसं नसेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन फॅन लागेपर्यंत चालवा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी रेघेवर आणा. हे एकदा परत करा. त्यानंतर नवीन रेघ, नवीन फोटो, आणि हजार किलोमीटरनंतर एकदा बघा.